तसबिरीच्या चौकटीतून पिठासारखा भुसा पडतोय, सल्ला हवा आहे

सांजवात (पुणे), १२ एप्रिल

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर राजापूरचं आजोळचं घर आवरलं. ज्याला जे हवं ते न्या असं मामा म्हणाला, तेव्हा मी माजघरातली लक्ष्मीची तसबीर मागून घेतली. रविवर्मा छापखान्याचं चित्र आहे, जुनी किंचित लाटा असलेली काच, सागवानी चौकट. आजी दर शुक्रवारी तिला हार घालायची. एसटीने मांडीवर धरून पुण्याला आणली.

गेल्या आठवड्यापासून टीव्हीच्या कपाटावर फिकट पिवळी भुकटी दिसते. पुसली की दोन दिवसांनी पुन्हा. वरच्या भिंतीवर लक्ष्मी आहे आणि तिला लागूनच आमच्या लग्नाचा मोठा फोटो. फोटोची फ्रेम तीन वर्षांपूर्वी करून घेतली, आंब्याचं लाकूड आहे असं दुकानात सांगितलं होतं. लक्ष्मीच्या चौकटीला खालच्या पट्टीवर टाचणीच्या डोक्याएवढी सहा-सात भोकं आहेत. त्यामुळे कोकणातली कीड मीच घरात आणली असं सगळ्यांनी ठरवून टाकलंय. सासूबाई म्हणतात, चित्र काढून घे, चौकट जाळून टाक आणि सिंथेटिक पट्टी बसव. घरात सागवानी दारं आहेत, पुस्तकांची मांडणी आहे, त्यांची काळजी मला समजते. पण चौकट जाळायला माझा हात धजत नाही. काय करू?

आप्पा_रत्नागिरी

बाय, जाळूबिळू नको. रॉकेल घे, कापसाच्या बोळ्याने भोकात सोड आणि मागे दोन डांबरगोळ्या कापडात बांधून ठेव. आमच्याकडे माळ्यावरच्या वाशांना हेच करत आलो.

रंधा (कोल्हापूर)

ताई, थांबा. आमचं फ्रेमचं दुकान आहे, माझी ही दुसरी पिढी. आधी एवढं करा, दोन्ही तसबिरी आजच भिंतीवरून उतरवा आणि वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा. प्रत्येकीखाली काळा कार्डशीट पेपर पसरा. भुसा नक्की कुठून पडतोय हे कळल्याशिवाय औषधाला हात लावू नका.

जुनी चौकट एसटीने आली म्हणता. जुन्या, कधीच मेलेल्या किडीचा भुसा बोगद्यांत वर्षानुवर्षं साचून असतो आणि धक्के बसले की महिनोन्‌महिने पडत राहतो. तो पाहून माणसं घाबरतात आणि चांगली चौकट मोडतात. असं माझ्याच दुकानात घडलेलं आहे. वडिलांच्या काळात एका गिऱ्हाईकाच्या सांगण्यावरून आम्ही शिसवी चौकट टाकून दिली होती. नंतर तिच्यातली एक पट्टी चिरून पाहिली तर आत किडा नव्हता, फक्त वरच्या पांढऱ्या कडेत जुनी भोकं होती. ती पट्टी आजही दुकानात ठेवली आहे.

रानजाई

मी दापोलीला वनशास्त्र शिकले आहे, थोडं विचारते. भुसा चिमटीत घेऊन बोटांवर चोळून पाहा. मैद्यासारखा लागतो, रव्यासारखा खरखरीत लागतो की खसखशीसारखे दाणे आहेत? आणि खिडकीच्या कट्ट्यावर बारीक, लांबट, तपकिरी मेलेले भुंगे दिसतात का?

सांजवात

रानजाई, मैदाच! बोटांच्या रेषांत भरला. आणि हो, खिडकीच्या स्लायडिंगच्या पन्हळीत चार-पाच भुंगे मिळाले. तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान, तपकिरी. मी त्यांना धान्यातले समजत होते.

रंधादादा, दोन्ही उतरवल्या. लक्ष्मी आतल्या खोलीत, फोटो गॅलरीत. खाली काळे कागद.

रानजाई

मग हा बहुधा लिक्टस, लाकडाचा मैदा करणारा भुंगा. जरा सविस्तर लिहिते, कारण याची रीत कळली की उपाय आपोआप कळतो.

रुंद पानांच्या झाडांच्या लाकडात पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. लाकूड आडवं कापलं की त्यांची तोंडं उघडी दिसतात. मादी त्या तोंडांतून आत अंडी घालते. अळी आतल्या आत लाकूड पोखरत जाते. तिला त्यातलं पिष्ट, म्हणजे स्टार्च, हवं असतं. पिष्ट असतं सालीलगतच्या पांढऱ्या लाकडात. गाभ्यात ते जवळजवळ नसतं, म्हणून सागाच्या तांबूस-तपकिरी गाभ्याला हा भुंगा लागत नाही. त्याच सागाच्या पांढऱ्या कडेला मात्र लागतो. आंबा, सावर, रबरवुड ही त्याची आवडती लाकडं. रबरवुडमध्ये पिष्ट इतकं असतं की ओंडका चिरल्यावर एक-दोन दिवसांतच फळ्यांना बोरॉनचं औषध द्यावं लागतं. पाईन-देवदारात त्या नळ्याच नसतात, तिथे हा जात नाही.

आता मुख्य गोष्ट. बाहेर दिसणारं भोक ही किडा *निघून गेल्याची* खूण आहे. अळीचा भुंगा झाला की तो भोक पाडून बाहेर पडतो. ज्या अळ्या अजून आत आहेत त्यांच्या जागी बाहेर काहीच दिसत नाही. म्हणून आप्पा, भोकात रॉकेल सोडलं तर ते बहुतेक रिकाम्या बोगद्यात जातं. शिवाय रॉकेल उडून जातं, कागदावर डाग सोडतं आणि देवापुढे निरांजन असेल तर नकोच नको. डांबरगोळीचा वासही लाकडात आत अळीपर्यंत पोचत नाही.

रव्यासारखा भुसा असता तर दुसरा किडा, खसखशीसारखे दाणे असते तर लाकडात राहणारी कोरडी वाळवी. वाळवीचा तो दाणा भिंगातून पाहिला तर सहा कडांचा दिसतो.

आप्पा_रत्नागिरी

समजलं. रॉकेलाचं मागे घेतो. पण एक सांगतो, आमचे वडील घराला लाकूड काढायचे तेव्हा आंबा-फणसाचे ओंडके पावसाळाभर वहाळात बुडवून ठेवायचे. बांबूही तसाच. त्याला भुंगा कमी लागतो म्हणायचे. ते वाशे अजून आहेत.

रानजाई

आप्पा, अगदी बरोबर! पाण्यात बुडून राहिलं की लाकडातलं पिष्ट आंबून, झिरपून कमी होतं, भुंग्याला खायला उरत नाही. तुमच्या वडिलांनी औषधाशिवाय साधलं ते. आता चिरलेली पट्टी थेट भट्टीत वाळवून आठवड्यात बाजारात येते, ती पायरीच गेली.

टेम्सकाठी (रेडिंग, इंग्लंड)

इथल्या जुन्या फ्रेम्सना जो किडा लागतो त्याचा भुसा रव्यासारखा असतो. फर्निचर बीटल, शास्त्रीय नाव ॲनोबियम पंक्टॅटम. भोकं दीड-दोन मिलिमीटर. हा पाईनलाही सोडत नाही आणि याची अळी तीन-तीन, चार-चार वर्षं आत राहते. त्याला जरा दमट लाकूड लागतं, घर कोरडं आणि गरम ठेवलं तर तो हळूहळू संपतो. इथे मे ते ऑगस्टमध्ये तो बाहेर पडतो.

मी जुन्या बाजारातून फ्रेम्स घेते. आणली की आधी मागचा तपकिरी कागद पाहते. मागे कागद चिकटवून बंद करायची पद्धत आहे, किडा बाहेर पडला की त्या कागदाला स्वच्छ गोल भोक पडतं. तुम्हीही भोकांवर पातळ टिश्यू पेपर खळीने चिकटवा. तो फाटला तर आत जीव आहे.

रंधा

टिश्यूची युक्ती उत्तम. फक्त खळ नको ताई, पिठाची खळ कसरीला आवडते. मागच्या बाजूला कागदी चिकटपट्टीने लावा. आणि जुन्या भोकांभोवती खडूने गोल करून तारीख लिहा. नवं भोक आलं तर लगेच ओळखू येईल.

वऱ्हाडी_ऊन (अकोला)

एप्रिल आहे, ऊन फुकट आहे. मी लाकडाच्या कोऱ्या पट्ट्या काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पत्र्यावर ठेवतो. आत थर्मामीटर टाकून पाहिलाय, आमच्याकडे दुपारी साठच्या वर जातो. किडा राहत नाही.

रानजाई

तत्त्व योग्य आहे. परदेशी जाणाऱ्या खोक्यांच्या लाकडाचा नियमच आहे, गाभ्यापर्यंत ५६ अंश आणि सलग ३० मिनिटं. पण प्लॅस्टिकमधली हवा साठ झाली म्हणजे पट्टीचा गाभा साठ झाला असं नाही. एका पट्टीला बारीक भोक पाडून त्यात थर्मामीटरचं टोक घालून पाहा.

रंधा

आणि हे फक्त कोऱ्या पट्टीला. तयार चौकटीला अजिबात नको. सांधे उघडतात, पट्टी पीळ खाते, लाखेचं पॉलिश मऊ पडून प्लॅस्टिकला चिकटतं. सोनेरी वर्ख असेल तर खालचा खडूचा थर तडकतो.

नवा_भाडेकरू

धान्यात ठेवायच्या गोळ्या असतात ना, त्यातली एक फ्रेमसोबत पिशवीत बंद करून ठेवली तर? गावी कोठीत ठेवतात.

रानजाई

नाही! कृपा करून कोणीही करू नका. ती ॲल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी असते, हवेतल्या ओलाव्याने तिच्यातून फॉस्फिन वायू निघतो. त्याला उतारा नाही. घरात, बंद खोलीत, शेजारच्या फ्लॅटमध्ये झिरपून माणसं दगावली आहेत. हे काम परवानाधारक लोकांचं आणि तेही राहत्या घराबाहेर. तांब्या-पितळेलाही तो वायू खातो, म्हणजे तसबिरीच्या कड्याही काळ्या पडतील.

नवा_भाडेकरू

धन्यवाद, कल्पना नव्हती. गावीही फोन करून सांगतो.

सांजवात, ४ मे

तीन आठवडे झाले. लक्ष्मीखालचा काळा कागद काळाच आहे! पहिल्या दिवशी उतरवताना पडलं तेवढंच, नंतर चिमूटभरही नाही. टिश्यू शाबूत, खडूच्या गोलाबाहेर एकही भोक नाही.

गॅलरीतल्या लग्नाच्या फोटोखाली मात्र मैद्याच्या तीन ढिगुळ्या, आणि मागच्या टिश्यूला दोन गोल भोकं. म्हणजे कीड कोकणातून आलीच नव्हती, तीन वर्षांपासून इथेच होती. सासूबाईंना दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवले. त्या काही वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, तुझ्या आजीची चौकट राहू दे.

आता दोन प्रश्न. फोटोच्या फ्रेमचं काय करू? आणि लक्ष्मीच्या मागे पातळ लाकडी फळ्या चुकांनी, म्हणजे बारीक खिळ्यांनी, ठोकलेल्या आहेत, त्यांनाही भोकं आहेत. उघडू का?

कागदकाच (मुंबई)

मी कागदावरच्या चित्रांच्या जतनाचं काम करते. लक्ष्मी उघडायलाच हवी, पण घाईने नको.

हे खडीछपाईचं चित्र, प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरून छापलेलं. रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. या चित्रांचा कागद आता ठिसूळ झालेला असतो. त्या काळी मागे खोक्याची फळी थेट चित्राला टेकवून ठोकत. लाकडातून आम्ल निघतं आणि जिथे दोन फळ्यांचा सांधा असतो तिथे कागदावर उभी तपकिरी रेघ उमटते. तुमच्या चित्रावर तशी रेघ आहे का? असेल तर भुंगा मेलेला असला तरी ती फळी काढणं भाग आहे.

चौकट उपडी, मऊ चादरीवर. चुका उचकटू नका, पकडीने सरळ मागे ओढा. गंजलेली चूक निघत नसेल तर डोकं कापा. चित्र काचेला चिकटलेलं दिसलं तर तिथेच थांबा आणि माणूस बोलवा, ओढलं तर लक्ष्मीचा चेहरा काचेवर राहील. चित्रावर जर किंवा टिकल्या लावलेल्या आहेत का तेही कळवा, तशी सजवलेली चित्रंही असत. ती आणखी नाजूक.

सांजवात

टिकल्या नाहीत. उभी रेघ आहे, कमळाच्या डाव्या बाजूने. आम्ही ती पाण्याचा ओघळ समजत होतो.

रंधा

फोटोच्या फ्रेमबद्दल. फोटो, माउंट, काच, मागचा हार्डबोर्ड सगळं काढून घ्या. नुसती लाकडी चौकट उरेल. तिच्यासाठी सर्वांत सुरक्षित उपाय म्हणजे थंडी. ओळखीचा आइस्क्रीमवाला आहे का? त्यांचा डीप फ्रीझर उणे १८ ते उणे २० असतो. घरच्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यावर विसंबू नका, दार सारखं उघडतं.

चौकट मावत नसेल तर कोपरे सोडवून चार पट्ट्या सुट्ट्या करा, परत जोडता येतात. क्रमांक घाला म्हणजे कोपऱ्याला कोपरा बरोबर जुळेल.

टेम्सकाठी

जाड पॉलिथीनमध्ये गुंडाळून, हवा दाबून काढून, सगळ्या कडा टेपने बंद. पूर्ण दोन आठवडे. बाहेर काढल्यावर लगेच उघडायचं नाही, पिशवीसकट एक दिवस खोलीत ठेवायचं. दव धरलं तर ते पिशवीच्या बाहेर धरतं, लाकडावर नाही. काच, तैलचित्र, वर्ख लावलेली चौकट हे काही फ्रीझरमध्ये घालू नका.

कागदकाच

आमच्याकडे मौल्यवान चौकटींसाठी प्राणवायू काढून टाकतात. हवाबंद पिशवीत नायट्रोजन भरून आतला प्राणवायू अर्ध्या टक्क्याच्या खाली, साधारण तीन आठवडे. चित्रासकट ठेवता येतं, ओल नाही, औषध नाही. घरी जमणारं नाही, पण वर्खाची जुनी चौकट असेल त्यांनी संग्रहालयाच्या जतनकेंद्रात विचारावं.

वऱ्हाडी_ऊन

आणि नवी पट्टी घेतानाच औषध द्यायचं असेल तर?

रानजाई

कोरी, बिनपॉलिशची पट्टी असेल तर बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड. बोरॅक्स म्हणजे आपला टाकणखार. बोरिकच्या दीडपट बोरॅक्स, दोन्ही मिळून पाण्यात साधारण ५ ते १० टक्के. कोमट पाण्यात नीट विरघळतं. पट्ट्या बुडवून ठेवायच्या, मग सावलीत सपाट ठेवून वाळवायच्या, नाहीतर वाकतील. हातमोजे घाला, पोरांच्या हाती लागू देऊ नका. हे औषध पाण्याने धुऊन निघतं, पण भिंतीवरच्या फ्रेमला पाऊस लागत नाही.

रंधा

मी रबरवुड आणि आंब्याच्या कोऱ्या पट्टीला आता हेच करतो. आणखी एक, आणि हे मी प्रत्येक फ्रेमवाल्याला हात जोडून सांगेन. आपण पुढची बाजू आरशासारखी पॉलिश करतो आणि मागची बाजू, काचेची खाच, ४५ अंशांत कापलेली टोकं कोरी सोडतो. भुंग्याला तीच उघडी तोंडं हवी असतात, पॉलिश केलेल्या लाकडावर तो अंडी घालत नाही. मागून आणि टोकांना लाखेचे दोन हात मारायला एका फ्रेममागे पाच मिनिटं लागतात. गिऱ्हाइकाला ते दिसत नाही म्हणून कोणी करत नाही. आम्हीही वर्षानुवर्षं केलं नव्हतं. आंब्याचं लाकूड वाईट नाही, सांजवातताईंच्या फ्रेमवाल्यानेही फसवलं असं मी म्हणणार नाही. पट्टीत अंडी आधीच असतील किंवा मागच्या कोऱ्या बाजूने नंतर गेली असतील, आता सांगता येणार नाही. पण मागे लाख असती तर निदान दुसरी वाट बंद झाली असती.

थंडीने आतली कीड मरते पण पुढचं संरक्षण मिळत नाही, त्यामुळे फ्रीझरमधून आल्यावर मागे लाख माराच.

सांजवात, २६ मे

फोटोची फ्रेम आज फ्रीझरमधून आली. कोपऱ्यावरच्या आइस्क्रीमवाल्या काकांनी पंधरा दिवस कोनांच्या खोक्यांखाली चार पट्ट्या सांभाळल्या, एक पैसा घेतला नाही. उद्या उघडेन.

लक्ष्मीही उघडली, नवऱ्याने चुका काढल्या, मी चित्र धरलं. चिकटलेलं नव्हतं. फळ्या चाळणीसारख्या झाल्या होत्या, बोटाने दाबलं तर आत गेल्या. पण सगळं जुनं, कोरडं, आत एकही अळी नाही. सागाच्या पट्टीला जी भोकं होती ती कडेच्या बोटभर पांढऱ्या भागातच होती, रानजाई म्हणाली तसं. फळीतून निघालेला एक भुंगा मात्र कधीतरी चित्रातून आरपार गेला आहे. लक्ष्मीच्या पदराच्या काठात टाचणीएवढं भोक आहे. इतकी वर्षं हाराखाली झाकलेलं होतं, कोणाला दिसलंच नाही.

फळीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने हिशेब लिहिलाय, काच, पट्टी, चुका, मजुरी. आकडे पुसट झालेत. तो तुकडा मी ठेवून घेतला आहे.

कागदकाच

भोक बुजवू नका, कागदाला त्याचा त्रास नाही. मागे आम्लरहित बोर्ड घाला आणि चित्र काचेला टेकणार नाही अशी बारीक पट्टी खाचेत बसवा. टेप, फेविकॉल, काहीही चित्राला लावू नका. भिंतीवर टांगताना खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे चिकटवा, हवा खेळती राहील. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर नको, आतल्या भिंतीवर लावा.

फळीचा तुकडा ठेवायचा तर तोही आधी दोन आठवडे फ्रीझरमध्ये.

सांजवात, ९ ऑक्टोबर

पावसाळा गेला. दोन्ही तसबिरी आतल्या भिंतीवर, खाली अजून काळा कागद ठेवते. स्वच्छ आहे. सागाच्या भोकांत मेण-लांबी भरली, फक्त एक मोकळं ठेवलंय, खडूच्या गोलासकट, लक्ष राहावं म्हणून. काल शुक्रवार, सासूबाईंनी हार घातला.

आप्पा_रत्नागिरी

बाय, बरं वाटलं. तुझं वाचून मीही घरातल्या नऊ तसबिरी उतरवून काळे कागद घातले. दोघांखाली मैदा आहे. एक माझ्या वडिलांचा फोटो. आमच्याकडे आइस्क्रीमवाल्याचा फ्रीझर लहान आहे, मोठे आहेत ते मासळीवाल्यांकडे. चौकटीला वास लागेल काय?

रंधा

आप्पा, फोटो आणि काच घरीच ठेवा, नुसती चौकट द्या. दोन पिशव्या करा. आतली टेपने पूर्ण बंद, बाहेरची वेगळी बांधलेली. घरी आणल्यावर बाहेरची पिशवी अंगणातच काढून टाका, आतली दुसऱ्या दिवशी उघडा. वास लागणार नाही. आणि लाखेचं प्रमाण हवं असेल तर सांगा, मी आमच्या दुकानातलं लिहून पाठवतो.